कोटिंगचा भाव

आमच्या घरात भाव सांगायचं काम माझ्याकडे होतं. अब्बा धुवायचे, हनीफभाई उचलायचा आणि फवारायचा, अम्मी घरी बसून पडद्यांच्या उसवलेल्या शिवणी पुन्हा घालायची, आणि मी बोलायचे. तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. भाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण चारचौघांत त्याचं तोंड उघडत नसे. अब्बा म्हणायचे, अल्लानं एकाला दंड दिले आणि एकीला जीभ दिली, दोघांचं मिळून एक चांगलं दुकान होतं. हे ऐकून मला फार बरं वाटायचं.

आम्ही जातीचे पिंजारी. आजोबा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव गाद्या भरत हिंडले. अब्बांच्या वेळेपर्यंत फोम आला आणि कापूस पिंजायला कुणी बोलावेना. ते सुरतला गेले, तिथल्या एका हॉटेलात सहा वर्षं गालिचे धुतले, आणि परत आले ते एक जुनं मशीन घेऊन. गोल ब्रश असलेलं ते मशीन सुरू झालं की आमच्या दोन खोल्यांतली भांडी मांडणीवर थरथरायची. मागच्या फरशीच्या अंगणात धुवायला आणलेले गालिचे पसरलेले असत. ओल्या लोकरीला भिजलेल्या शेळीसारखा वास येतो, तो आमच्या अंथरुणांना, भाकरीच्या टोपल्याला, माझ्या वेणीलासुद्धा असायचा. सकाळी अम्मीचं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापणं आणि मागे अब्बांचं मोगरीनं गालिचा धोपटणं असे दोन आवाज एकदम चालत. भाई उभ्याउभ्याच भाकरीवर ठेचा घेऊन खायचा आणि ओला गालिचा एकट्यानं खांद्यावर टाकून शिडीनं वर धाब्याच्या छतावर न्यायचा. ओला गालिचा किती जड असतो ते ज्यानं उचललंय त्यालाच कळेल. दोन माणसं लागतात. तो एकट्यानं न्यायचा, आणि वर पोचल्यावर मुद्दाम शीळ घालायचा, म्हणजे आम्हाला कळावं की त्याला दम लागलेला नाही.

घरात आम्ही अहिराणी बोलायचो, मधेच हिंदी. पुस्तकी मराठी मी शाळेत शिकले आणि ती मला गिऱ्हाइकांत उपयोगी पडली. वकिलांच्या, डॉक्टरांच्या घरी मराठी, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांकडे अहिराणी, व्यापाऱ्यांकडे हिंदी. अब्बांनी मला आधी नुसतं दाराशी उभं राहायला नेलं होतं. दुपारच्या वेळी घरात बायकाच असत, दोन अनोळखी पुरुष पाहून दार अर्धंच उघडायचं. सोबत मुलगी दिसली की पुरतं उघडायचं. एकदा एका डॉक्टरीणबाईंनी अब्बांना सोडून मलाच विचारलं, "धुतल्यावर किती दिवस स्वच्छ राहील गं?" अब्बा गोंधळले. मी म्हटलं, "मामी, नुसतं धुतलं तर पाहुणे येईपर्यंत. कोटिंग केलं तर वर्षभर." त्या हसल्या आणि कोटिंग करून घेतलं. त्या दिवसापासून अब्बा गिऱ्हाइकांशी बोलायचे थांबले.

कोटिंग म्हणजे सोफ्या-गालिच्यांच्या कापडावर मारायचा फवारा. तो वाळला की चहा सांडला तरी आत मुरत नाही, थेंब वरच्यावर उभा राहतो, फडक्यानं टिपून घ्यायचा. धुण्यात आम्हाला काही सुटत नसे. पाच सीटच्या सोफ्याचे दीडशे घ्यायचो, त्यात साबण, टेंपो आणि तिघांचा दिवस. सगळी कमाई कोटिंगची. म्हणून धुण्याचा भाव मुद्दाम इतका कमी ठेवायचा की नाही म्हणायला जीभ वळू नये. कोटिंगचं नाव आधी काढायचंच नाही. सोफा धुऊन झाला की मशीननं ओढलेलं काळं पाणी बादलीत असतं, ती बादली घरातल्या बाईसमोर ठेवायची आणि गप्प राहायचं. हे मला अब्बांनी शिकवलं नाही, माझं मीच शोधून काढलं. ते पाणी पाहून बाईला आपल्याच घराची लाज वाटते. त्या घटकेला भाव सांगितला तर ती घासाघीस करत नाही. तरी कुरकुरली, तर वर्षाचे सातशे न म्हणता दिवसाचे दोन रुपये म्हणायचं. आता माझी सून मोबाइलवर दाखवते, कुठल्या कुठल्या शहरातल्या मुली सोफ्यावर पाणी ओतून थेंब घरंगळताना दाखवतात आणि खाली नंबर देतात. चांगला माल असेल, नीट वापरत असतील. मी ते बघत नाही, तोंड फिरवून घेते. सुनेला वाटतं सासूला मोबाइल आवडत नाही.

पहिली दोन वर्षं आमचा माल मुंबईहून यायचा. पांढरा, पातळ दुधासारखा, जवळजवळ बिनवासाचा. तो महाग होत गेला. मग अब्बांना सुरतच्या कापडबाजारात कुणीतरी सांगितलं की मिलमध्ये कापडाला पाणी लागू नये म्हणून जे लावतात ते ह्याहून निम्म्यात पडतं. त्यांनी पॅसेंजरनं दोन ड्रम आणले. तो माल घट्ट होता, त्यात थिनर घालून पातळ करावा लागे. फवारणीच्या पंपाचं तोंडही अब्बांनी बदललं. थेंब जितका बारीक तितका माल वाचतो, असा त्यांचा हिशेब. नव्या तोंडातून थेंब दिसायचेच नाहीत, नुसतं धुकं निघायचं. पातळ केलेला माल डब्यांत भरायचो, त्या डब्यांवर चिकटवायला चिठ्ठ्या छापून आणल्या. त्यांवरचा मजकूर मी लिहिला होता: वास नाही, विष नाही, लहान मुलांसाठी पूर्ण सुरक्षित.

वास होता. पहिल्याच दिवशी भाई म्हणाला, "अब्बा, ह्या नवा मालना वास डोकामा चढस. पहिलाना असा नही व्हता."

अब्बा म्हणाले, "सुरतमा मिलवाला हाऊच वापरतस. त्या काय मरी ग्यात?"

दुसऱ्या दिवसापासून भाई फवारताना तोंडाला रुमाल बांधायला लागला. संध्याकाळी त्याचं डोकं धरलेलं असे आणि तो खोकायचा. पण तो मिरचीचा हंगाम होता. नंदुरबारच्या चहूबाजूंना मिरची वाळवायच्या पथाऱ्या पसरल्या की सगळं गावच शिंकतं आणि खोकतं. एका माणसाचा खोकला त्यात वेगळा कुणी ऐकायचा?

तापीकाठच्या एका गावातून निरोप आला तो त्याच दिवसांत. केळी आणि ऊस असलेलं मोठं गुजर घर, नवा दुमजली बंगला, आणि आठ दिवसांवर मुलाचं लग्न. घरधन्याला सगळे नाना म्हणायचे. दोन सोफासेट, दिवाण, खालीवर तीन गालिचे, जाड पडदे. दारातून आत पाऊल टाकतानाच मी मनात मोजून घेतलं. इतकं मोठं घर आम्हाला तोवर मिळालं नव्हतं. सगळ्या घराचं कोटिंग झालं तर अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघत होतं. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून आज लिहीत नाही. ते खरंच होतं. पण त्याहून खरं हे की मला ते घर जिंकायचं होतं.

दुपारपर्यंत धुणं झालं. अब्बा बाहेर ओट्यावर गालिचे पाण्यातून काढत होते. मी काळ्या पाण्याची बादली काकींसमोर ठेवली. नानांच्या बायकोला मी काकी म्हणत होते. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "माय वं, ह्यावर आम्हीन बठतस?" काम झालं, असं मला वाटलं. मी सगळ्या घराचा भाव सांगितला. तेवढ्यात नाना आत आले. त्यांनी पंपाकडं पाहिलं, मग भाईकडं. भाई रुमाल बांधून तयारच उभा होता.

"पोरी," नाना म्हणाले, "कपाशीवर फवारतस तव्हय आम्हीन तोंड बांधतस. काब्रं, ते त्यामा इख ऱ्हास. हाऊ तुना भाऊ बी तोंड बांधीसन उभा शे. मंग ह्यामा इख नही ते काय शे? मन्हा घरमा आठ दिनमा पाहुणास्ना लेकरं निजतीन."

त्यांचं बरोबर होतं. विष नसेल तर तोंड कशाला बांधायचं, हा जन्मभर फवारणी केलेल्या माणसाचा साधा प्रश्न होता. काकींनी पदर तोंडावरून खाली घेतला. ते घर हातातून निसटताना मला दिसलं.

मी हसले. म्हटलं, "नाना, ते धूळसाठे बांधेल शे. मशीननी धूळ उडस ना. ह्यामा काहीच नही. पाळणामानं लेकरू बी आठे निजी शकस." आणि भाईकडं वळून, अगदी सहज, गिऱ्हाइकासमोर बोलायच्या माझ्या गोड आवाजात म्हणाले, "भाई, रुमाल सोड ना. नानास्ले वाटस, काही इख शे."

भाईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी खरंच तसं म्हटलं का, एवढंच त्याला बघायचं असावं. मी नजर हलवली नाही. त्यानं मानेमागची गाठ सोडली, रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"मार मंग," नाना म्हणाले.

बाहेर मंडपाचे खड्डे खणणं चालू होतं, म्हणून बैठकीच्या सगळ्या काचा लावलेल्या होत्या. आम्हीही त्या कधी उघडू देत नसू. ओल्या कोटिंगवर धूळ बसली की खरखर येते. भाई आत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं. काकींनी मला स्वयंपाकघरात नेलं. तिथं लग्नाचे लाडू वळणं चालू होतं. त्यांनी मला गरम शेवभाजी वाढली, भाकरीवर तुपाची धार सोडली आणि माझं कौतुक केलं, पोरगी किती हुशार, तुझ्या अब्बांचं, गनीभाईचं नशीब. मी पोटभर जेवले. भिंतीपलीकडून पंपाचा फस्स फस्स आवाज येत होता, मधूनमधून खोकल्याचा. खालचं झाल्यावर तो वर गेला. वरच्या खोल्या लहान होत्या.

दोन तासांनी तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. ओट्यावर बसून तीन तांबे पाणी प्यायला. वाळवायला घरी न्यायचे ओले गालिचे टेंपोत चढवताना अब्बांनी त्याला हाक मारली, तर म्हणाला, "थोडा बठस." मी त्याला कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. नानांनी माझ्या हातात नोटा दिल्या आणि वर लाडूंचा पुडा. तापीच्या पुलावर ऊन उतरत होतं. भाई टेंपोत गालिच्यांना टेकून कुडकुडत होता. मी माझी ओढणी त्याच्या अंगावर टाकली आणि अब्बांना आजची कमाई सांगितली. अब्बा टेंपो चालवता चालवता हसले. तो प्रवास मला जसाच्या तसा आठवतो, त्यातला माझा आनंदसुद्धा. तो विसरता आला असता तर बरं झालं असतं.

अम्मीनं हळदीचं दूध दिलं, छातीला ओव्याचं तेल चोळलं. सकाळी त्याचे ओठ जांभळे झाले होते आणि बोलताना वाक्य पुरं होत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं, "ह्यानं काय हुंगलंय?"

अब्बा म्हणाले, "काही नाही साहेब. मिरचीच्या पथारीवर गेला होता."

मी बाजूलाच होते. अब्बांना धंद्याची भीती वाटली, मला कशाची वाटली ते आजही नीट सांगता येत नाही. दोन दिवस आम्ही दोघंही मिरची, मिरची म्हणत राहिलो आणि डॉक्टर मिरचीवर उपाय करत राहिले. तिसऱ्या दिवशी भाईच्या नाकाला नळी लागली होती, तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला व्हरांड्यात गाठून पुन्हा विचारलं. मी घरी गेले आणि एक डबा घेऊन आले.

त्यांनी डबा फिरवून फिरवून वाचला. "ह्यात काय आहे ते कुठंच लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "काय नाही तेवढंच लिहिलंय. कुणी लिहिलं हे?"

"मी," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. तरुण होते, दमलेले होते. डबा खिडकीत ठेवून म्हणाले, हे धुकं फुप्फुसात आतवर जाऊन बसतं, आधी सांगितलं असतं तर निदान औषध वेळेवर सुरू झालं असतं. मी त्यांना रुमालाचं सांगितलं. ते म्हणाले, सुती रुमालानं एवढं बारीक धुकं अडलं नसतं, ते मनातून काढून टाक. ते मला समजावायला बोलले असतील. मी ते कित्येक वर्षं घोकलं, पण मनातून काढता आलं नाही.

भाई अठरा दिवसांनी घरी आला. घरी आला ते पाय ओढत, दर चार पावलांनी भिंतीला हात टेकत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काहींचं पूर्ण भरून येतं, काहींचं येत नाही. त्याचं आलं नाही. अंगणातली शिडी तशीच उभी होती, तो तिच्याकडं बघायचासुद्धा नाही. अब्बा पहाटे त्याच्या पाठीमागं बसून त्याला आपल्या छातीवर टेकवून धरायचे, म्हणजे त्याला श्वास घेता यायचा. त्या दोघांत एका शब्दाचंही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. उरलेल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या अब्बांनी गरम पाण्यात भिजवून नखांनी खरवडून काढल्या. मला वाटलं, संपलं हे.

मग एक दिवस नाना आले. लग्न नीट पार पडलं होतं. बैठकीत चारशे माणूस उठलं-बसलं, आमटी सांडली, विड्याचे हात लागले, आणि सोफ्यावर एक बी डाग नही, असं ते अब्बांना सांगत होते. शहाद्याला त्यांच्या साडूचं घर होतं, त्यालाही तसंच करून हवं होतं. बोलता बोलता त्यांनी भाईची चौकशी केली, "पोऱ्या कथा शे?"

"त्याले दमा शे," अब्बा म्हणाले. "धाकला व्हता तव्हयपासून."

मधल्या दाराला नुसता पडदा होता. आत खाटेवर भाई होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. नाना चुकचुकले आणि माझ्याकडं वळले, "मंग बेटी, कितला घेशीन?"

नाही म्हणायचं धैर्य नव्हतं आणि भाव सांगायला जीभ वळत नव्हती. अब्बा माझ्याकडं बघत होते, मग जमिनीकडं. त्या आठवड्याची इंजेक्शनं अजून आणायची होती. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, एकेक शब्द सुटा, मधे श्वासाची शिट्टी.

"नसीम... पहिलापेक्षा... दोनशे... जास्ती सांग."

नाना दचकले. पडद्याकडं बघत राहिले. ते शहाणे होते, फवारणी जाणणारे होते. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी भाव पुन्हा विचारलाच नाही. खिशातून काढून होतं तेवढं अब्बांच्या हाती ठेवलं आणि निघून गेले. पुढे त्यांच्याकडून कधी बोलावणं आलं नाही. साडूचा निरोप मात्र आला, ते घर अब्बांनी स्वतः केलं, सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवून, माणसांना बाहेर काढून. मी सोबत गेले होते, पण तिथं एक शब्द बोलले नाही. नंतर अब्बा सुरतला मालासाठी गेले नाहीत. नुसत्या धुण्यावर घर चालत नव्हतं. वर्षभरात मशीन एका मंडपवाल्याला विकलं आणि अब्बा दुसऱ्याच्या फोमच्या दुकानात रोजावर राहिले. अम्मीचा एक डोळा गेला. माझं लग्न तळोद्याला झालं.

भाई त्यानंतर नऊ वर्षं जगला. ज्या हिवाळ्यात तो गेला, त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला मी माहेरी आले होते. परत निघाले त्या दिवशी तो म्हणाला, कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो. सगळ्यांनी नको म्हटलं, ऐकेना. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. शेजाऱ्यांच्या ओट्यावर तो पहिल्यांदा बसला, दोन घरं सोडून पुन्हा बसला. मी माझा मुलगा कडेवर घेऊन त्याच्याजवळ बसले. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तिथं, भर दुपारी, रस्त्यावर विचारलं.

"भाई, नानाना घरमा मी काय म्हनी व्हती, तुले याद शे?"

"शे."

मी पुढचं विचारायची वाट तो बघत होता. मग तोच म्हणाला, थांबत थांबत, "तू नही सांगती... तरी मीच रुमाल सोडता. घर केवढं मोठं व्हतं."

मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. तो खरं सांगत होता की माझ्यासाठी सांगत होता, मला कळलं नाही. त्यानं माझ्या मुलाच्या गालाला बोट लावलं आणि रिक्षावाल्याला हात करून म्हणाला, "चाल, बस. एसटी चुकी जाई." मी बसले. रिक्षा वळताना मागं पाहिलं. तो त्याच ओट्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मान खाली घालून बसला होता. घर वीस पावलांवर होतं, आणि तेवढं परत जायचा दम तो गोळा करत होता.